घाऊक बेकरी (मराठवाडा)

सुट्या गिऱ्हाइकापेक्षा चहाची टपरी, किराणा दुकान, खानावळ आणि फेरीवाला यांना पाव, टोस्ट, बटर (लोणी नव्हे, चहात बुडवायचा कडक, कोरडा पाव), खारी, नानकटाई पुरवणारा भट्टीचा व्यवसाय. अशा बेकरीत पुढे काचेचे कपाट असले, तरी खरा धंदा पहाटे मागच्या दाराने होतो.

ज्वारीच्या भाकरीच्या या मुलखात मैद्याचा भाजीव माल बाहेरून आला. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) तंदुरातला नान जुनाच. नानखलियाचे (नान आणि मटणाचा रस्सा) मूळ लोक मुहम्मद तुघलकाच्या फौजेत शोधतात. त्याने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली हे खरे, पुढचे ऐकीव. पाव मात्र छावणीचे अन्न. औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद (अंबाजोगाई) येथे इंग्रजी अंमलाखालच्या छावण्या होत्या. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग झाला आणि १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात राहिला, त्यामुळे इथल्या चहासोबतच्या खाण्याला हैदराबादी वळण आहे. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाचे उस्मानिया बिस्किट, गोडसर आणि किंचित खारे, इकडेही खपते.

सगळा कारभार विटांच्या घुमटाकार भट्टीच्या उष्णतेवर चालतो. आत लाकडे पेटवून तळ तापवतात, निखारे ओढून काढतात किंवा बाजूला सारतात, ओल्या फडक्याने तळ पुसतात आणि लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत सरकवतात. आधी कडक आचेवर पाव. मग आच उतरेल तसा पुढचा माल. नानकटाईला मंद आचच लागते, नाहीतर ती वरून करपते आणि पोटात कच्ची राहते. टोस्टचा नंबर शेवटी: आदल्या दिवशीच्या पावाच्या कापा पत्र्यावर मांडून उरलेल्या धगीवर रात्रभर वाळवतात. परत आलेल्या शिळ्या पावाचेच टोस्ट होतात, हा गिऱ्हाइकाचा जुना संशय; चांगला कारागीर त्यासाठी वेगळा, घट्ट पाव लावतो.

खेड्यापाड्यात सायकलवर पत्र्याची पेटी बांधून जाणाऱ्या फेरीवाल्याला कोरडाच माल परवडतो. पाव एक-दोन दिवसांत बुरसतो, टोस्ट आणि बटर डब्यात आठवडेच्या आठवडे टिकतात. म्हणून तालुक्याच्या बेकरीत पावाइतकाच, कधी जास्त, मैदा टोस्ट-बटरला जातो. माल बहुधा उधारीवर उचलतात आणि हिशेब बाजाराच्या दिवशी होतो. रमजानात मागणी वाढते, उन्हाळ्यात भट्टीपुढचे काम नकोसे होते.

पाव हा लघुउद्योगासाठी राखीव माल होता. ते आरक्षण २०१५ मध्ये उठले. तोवर पिशवीबंद ब्रेड शहरांत रुळला होताच. जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल-तुपातील ट्रान्स फॅटची (तेल गोठवून वनस्पती तूप करताना तयार होणारी अपायकारक चरबी) मर्यादा २ टक्क्यांवर आली. त्याचा संबंध थेट खारीशी येतो, कारण तिचे पदर सुटतात ते घट्ट वनस्पती तुपाच्या थरांमुळे. अनेक ठिकाणी लाकडाच्या भट्टीशेजारी डिझेल किंवा गॅसची, आत पत्रे फिरणारी भट्टी आली आहे. पाव तिच्यात निघतो, टोस्ट वाळवायला मात्र काही मालक अजून जुनीच भट्टी पेटवतात.