धातूच्या इंप्लांटलगतचे विद्युत ॲब्लेशन

शरीरातील गाठ किंवा दुखणारी नस विजेच्या साहाय्याने जागच्या जागी निकामी करण्याच्या उपचाराला विद्युत ॲब्लेशन म्हणतात. शेजारी धातूचा स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी जाळीदार नळी), मणक्यातील स्क्रू किंवा पेसमेकर असेल, तर उष्णता कुठे आणि किती निर्माण होईल याचा हिशेबच बदलतो.

रेडिओफ्रीक्वेन्सी पद्धतीत सुईतून साधारण ३५० ते ५०० किलोहर्ट्झचा प्रवाह सोडतात. ऊतकातले आयन वेगाने मागेपुढे हलतात, त्या घर्षणाने ऊतक तापते आणि ६० अंश सेल्सिअसच्या पुढे पेशी जवळजवळ तत्काळ मरतात. अपरिवर्तनीय इलेक्ट्रोपोरेशनची गोष्ट निराळी. २००५ मध्ये डाव्हालोस, रुबिन्स्की आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या या पद्धतीत अतिलघु, तीव्र विद्युत स्पंद (पल्स) पेशीपटलाला कायमची छिद्रे पाडतात. तिला ‘उष्णताविरहित’ म्हणण्याचा प्रघात आहे; तो शब्दशः घेऊ नये. सेंटीमीटरला १,५०० व्होल्टचे विद्युत क्षेत्र, १०० मायक्रोसेकंदांचे ९० स्पंद आणि ऊतकाची संवाहकता (वीज वाहू देण्याची क्षमता) मीटरला ०.३ सीमेन्स धरली, तर वीज प्रत्यक्षात ९ मिलिसेकंदच वाहते. तरी रक्ताने वाहून नेलेली उष्णता वगळता तापमान सुमारे १७ अंशांनी चढते. उष्णता क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून क्षेत्र दुप्पट झाले की हीच वाढ ६८ अंशांवर जाते आणि ३७ अंशांचे ऊतक उकळीला पोहोचते.

धातू नेमके हेच घडवतो. स्वादुपिंडाच्या डोक्यातील गाठ पित्तनलिका दाबते, कावीळ होते, मग एंडोस्कोपीने निटिनॉल या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूच्या जाळीचा स्टेंट बसवतात. पुढे इलेक्ट्रोपोरेशन करायची वेळ येते तेव्हा ही जाळी सुयांच्या मधोमध उभी असते. तिची संवाहकता ऊतकाच्या लाखो पट असल्याने तिच्या आत क्षेत्र जवळपास शून्य असते. म्हणजे जाळी स्वतः फारशी तापत नाही. तापते ते तिच्या टोकांना आणि तारांच्या कडांना चिकटलेले ऊतक, कारण तिथे क्षेत्र एकवटते. जाळी क्षेत्राच्या दिशेने लांबट पडली असेल तर हा परिणाम सर्वाधिक. उलट तिच्या मधल्या भागालगत क्षेत्र दुबळे पडून गाठीच्या काही पेशी जिवंत राहू शकतात. भाजण्याइतकाच हा धोकाही गंभीर आहे, पण त्याकडे कमी लक्ष जाते. सुई जाळीला टेकली तर प्रवाह एकदम उसळतो आणि यंत्र स्पंद थांबवू शकते. त्यामुळे शक्य असल्यास आधी धातूचा स्टेंट काढून प्लास्टिकचा बसवतात.

मणक्याच्या सांध्याची नस जाळताना स्क्रू जवळ असेल तर वेगळीच अडचण येते. टायटॅनियमची मिश्रधातू ऊतकापेक्षा दहापटीहून अधिक चांगली उष्णतावाहक असल्याने सुईची ऊब स्क्रूवाटे अनपेक्षित जागी पोहोचू शकते. अशा वेळी सुई व स्क्रू यांत अंतर ठेवतात आणि स्क्रूजवळ तापमान मोजतात. पेसमेकर असलेल्या रुग्णाचे यंत्र आधी योग्य कार्यपद्धतीवर (मोडवर) लावतात. शरीरातून प्रवाह परत नेणारी चिकटपट्टी अशा जागी लावतात की प्रवाहाची वाट यंत्र आणि त्याच्या तारांवरून जाणार नाही.