पाइपमधला संथ प्रवाह खवळतो कधी

पाइपमधून पाणी हळू वाहत असतं तेव्हा त्याचे थर एकमेकांवरून गुपचूप सरकत राहतात, मधला सगळ्यात जोरात आणि भिंतीला चिकटलेला जवळपास थांबलेला. हा लॅमिनार म्हणजे स्तरीय प्रवाह. वेग वाढला की भोवरे उठतात, सगळं घुसळून निघतं, तो टर्ब्युलंट.

1883 साली मँचेस्टरच्या ऑसबोर्न रेनल्ड्स या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने पाण्याच्या टाकीत काचेची नळी आडवी ठेवून तिच्या तोंडाशी रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असेपर्यंत ती रेघ दोऱ्यासारखी सरळ जायची, वाढवला की पुढे कुठेतरी एकदम विस्कटून रंग नळीभर पसरायचा. वेग, नळीचा व्यास आणि घनता यांचा गुणाकार करून त्याला श्यानतेने (म्हणजे द्रवाच्या चिकटपणाने) भागलं की जो आकडा येतो त्यावर हे ठरतं, तोच रेनल्ड्स नंबर. 2 सेंमी व्यासाच्या नळीत पाणी सेकंदाला 10 सेंमी गेलं की तो साधारण 2000 होतो, आणि प्रवाह सहसा याच्याच आसपास खवळायला लागतो, म्हणजे घरातल्या नळाचं पाणी बहुतेक वेळा खवळलेलंच असतं.

पुस्तकात खवळण्याची सीमा म्हणून 2000 किंवा 2300 लिहिलेलं असतं आणि आपण ते पाठ करतो, पण खरी गंमत पुढे आहे! टाकीतलं पाणी नीट स्थिरावू दिलं तर रेनल्ड्सलाच 13,000 च्या आसपासपर्यंत रेघ सरळ ठेवता आली, नंतरच्या लोकांनी तर 1,00,000 गाठले. मँचेस्टरमध्येच पुढे हा प्रयोग परत केला तेव्हा रस्त्यावरच्या गाड्यांच्या हादऱ्यांमुळे रेनल्ड्सचा आकडा काही गाठता आला नाही. कारण सरळ गोल नळीतला संथ प्रवाह आपोआप मोडत नाही, अगदी बारीक धक्का त्यात विरून जातो, पुरेसा मोठा धक्का लागतो, फक्त वेग जितका जास्त तितका लहान धक्का पुरतो.

मग 2000 च्या जवळ काय होतं? तिथे सगळी नळी एकदम खवळत नाही, मध्येमध्ये खवळलेले तुकडे वाहत जातात, त्यांना पफ म्हणतात. एखादा पफ बराच वेळ टिकून अचानक विझतो किंवा फुटून त्याचे दोन होतात, साथीच्या रोगासारखंच. 2011 मध्ये संशोधकांनी विझायला आणि फुटायला लागणारे सरासरी काळ मोजले तर 2040 च्या आसपास ते सारखे निघाले, त्याच्या वर विझण्यापेक्षा पसरणं जिंकतं. हा आकडा मिळायला रेनल्ड्सनंतर सव्वाशेच्या वर वर्षं लागली.

खर्चाचा प्रश्नही यातच आहे. संथ प्रवाहात वेग दुप्पट करायला दाबही दुप्पट पुरतो, खवळलेल्यात गुळगुळीत पाइप असला तरी सव्वातीन पटीहून जास्त लागतो, म्हणून अलास्काच्या तेलवाहिनीत 1979 पासून पॉलिमर म्हणजे लांब साखळ्यांसारखे रेणू थोडेसे मिसळतात, त्याने भोवरे दबतात आणि पंपांवरचा भार कमी होतो.