गुळाच्या पिवळ्या रव्याकडून तपकिरी केककडे

कोल्हापुरात घरी केक करणाऱ्या आम्हा बायकांकडे येणाऱ्या मागण्या गेल्या वर्ष-दोन वर्षांत बदलल्या आहेत. आधी फोनवर फोटो यायचे ते निळ्याशार नाहीतर लालभडक केकचे. आता येतात ते मातकट, चहाच्या रंगाच्या, वर दोन-चार सुकी फुलं ठेवलेल्या केकचे. चवीत गूळ, नाचणी, खपली गहू मागतात. रंगांचा अंदाज सांगणाऱ्या पँटोन या अमेरिकी कंपनीनं 2025 साठी 'मोका मूस' हा तपकिरी रंग निवडला, तर 2026 साठी 'क्लाउड डान्सर' हा पांढरा, त्यामुळे ही लाट सगळीकडचीच आहे. पण खाण्याच्या वस्तूची किंमत रंगावर ठरणं आपल्या गावाला नवं नाही, आणि म्हणून यामागचा इतिहास मला आपल्याच बाजारपेठेत शोधावासा वाटतो.

आधी भट्टीबद्दल. 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांचा, नानकटाईचा उगम सुरतेचा सांगतात. आपल्या घरांत भाजण्याचं काम शिरलं ते दिवाळीआधीच्या नानकटाईतून. घरात भट्टी नव्हती, म्हणून घर भट्टीकडे जायचं. मैदा, रवा, पिठीसाखर आणि डालड्याचा डबा पिशवीत घालून आईबरोबर पहाटे रांगेत उभं राहायचं. कारागीर आपल्यासमोर तूप-साखर तळहातानं फेसायचा, ती पांढरी हलकी झाली की मैदा पडायचा. पत्र्यावर गोळे मांडून वर वेलदोड्याचा दाणा दाबला की पत्रा आत. आपला पत्रा दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून कडेला नावाची चिठ्ठी. घरी येईपर्यंत डबा मांडीवर गरमच असायचा. एका घराचा एक घाणा, आपल्या मापाचा, आपल्या सामानाचा. आज ज्याला 'स्मॉल बॅच' म्हणतात ते आमच्या आयांनी असं केलेलं आहे.

मग झाकणाला काच असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला. तो नसेल त्या घरात कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला वाळू किंवा मीठ घालून केक व्हायचा. श्रावण पाळणारी घरं आणि जिल्ह्यातला मोठा जैन समाज यांच्यामुळे अंडं नको असायचं, तिथं कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यानं काम भागवलं. बेकरीचा वाढदिवसाचा केक मात्र वेगळा होता. वनस्पती तुपाचं आयसिंग, त्यावर गुलाबी फुलं, हिरवी पानं आणि दाताखाली कटकन वाजणारे चंदेरी मणी. त्या गुलाबी फुलासाठी आम्ही भावंडं भांडायचो. पुढं व्हिपिंग क्रीम आलं आणि रंग अजून गडद झाले. 2020 च्या टाळेबंदीत बेकऱ्या बंद पडल्या तेव्हा गल्लीगल्लीत ओटीजी, म्हणजे विजेचे छोटे ओव्हन, तापले, आणि घरच्या केकवरही तेच रंग चढले.

आता गूळ. मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 साली सुरू झाली आणि शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. गुळाला देशभरची वाट मिळाली. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळताना त्यात भेंडीचं चिकट पाणी घालायचं, वर आलेली मळी काढायची, चुना बेतानं टाकायचा. ते माप गुळव्याच्या, म्हणजे गूळ शिजवणाऱ्याच्या, हातात. पण सौद्यात, म्हणजे लिलावात, गुळाचा रवा (ढेप) फोडला की नजर आधी रंगावर जाते. पिवळाधमक, केशरी झाक असलेला माल चढा जातो, काळपट मागं राहतो. गुजरातकडे जाणाऱ्या मालाला तर हा रंग लागतोच. याच हट्टातून काही गुऱ्हाळांत हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, शिरलं. त्यानं गूळ उजळतो, पण ठेवला की पुन्हा काळवंडतो. 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी ग्राहकाची नजर पिवळ्यावरच राहिली. मला याचं फार वाईट वाटतं, कारण चांगला शिजलेला, काही न घातलेला तपकिरी गूळ ज्यानं खाल्लाय त्याला पिवळ्यातलं उणेपण कळतं.

आणि केकला हाच गूळ हवा. तो ओल धरून ठेवतो, म्हणून केक दुसऱ्या दिवशी जास्त मऊ लागतो. त्यात थोडा आंबटपणा असतो, त्यामुळे खायचा सोडा नीट काम करतो. मात्र वरून लवकर करपतो, म्हणून आच दहा अंशांनी कमी ठेवावी. गरम दुधात घातला तर दूध फाटतं, हे खीर करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. म्हणून कस्टर्डमध्येही ते कोमट झाल्यावरच गूळ घालावा.

कृत्रिम रंगांवरचा विश्वास उडायला कारणंही घडली. मार्च 2024 मध्ये शेजारच्या कर्नाटकानं गोबी मंचुरियनमधले कृत्रिम रंग आणि बुढ्ढी के बालमधला रोडामाइन-बी हा रंग यांवर बंदी घातली. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनं एरिथ्रोसिन या लाल रंगाची खाद्यपदार्थांतली परवानगी काढली. तेव्हापासून आया फोनवर विचारतात, "ताई, रंग कसला घालता?"

नैसर्गिक रंगांना आपला स्वभाव असतो. माझ्या पहिल्या हळदीच्या केकवर लालसर ठिपके उठले होते. मी घाबरले. सासूबाई बघून म्हणाल्या, "अगं, कुंकू झालं की हे!" खरंच, हळदीला चुन्याची जोड दिली की कुंकू होतं, तसंच सोड्यानंही हळद लाल होते. सोडा कमी करून दही वाढवलं आणि पिवळा रंग टिकला. गोकर्णाच्या फुलांचं निळं पाणी लिंबू पिळलं की जांभळं होतं. बीट ओव्हनमध्ये फिकं पडतं, म्हणून ते केकमध्ये न घालता वरच्या क्रीममध्ये वापरावं.

चवींचं म्हणाल तर रसमलाई आणि गुलकंद आता रुळले. दुबईच्या एका दुकानानं 2021 मध्ये काढलेलं पिस्ता आणि कुनाफा (कुरकुरीत शेवयांसारखा अरबी गोड पदार्थ) भरलेलं चॉकलेट इथल्या केकांतही आलं. ते महाग आहे आणि मला वाटतं ओसरेल. चंदगड-आजऱ्याचा काजू, डोंगराकडची नाचणी आणि खपली गहू टिकतील, कारण ते इथंच पिकतात. मात्र नाचणीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिकटपणा देणारं प्रथिन, नसतं, म्हणून निम्मी कणीक मिसळल्याशिवाय केक उभा राहत नाही.

दिवाळी पाडव्याला नव्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे होतील. मी नेहमीच्या दुकानदाराला आत्ताच सांगून ठेवलंय, पिवळा राहू दे, काळपट पाच किलो बाजूला ठेवा. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की काळाच ना?