एक एक्स, दोन एक्स आणि हिंसक वागणं

नाशकात सिडकोत किंवा पंचवटीत रात्री गाड्यांच्या काचा फुटल्या, की पकडले जातात ते बहुतेक मुलगेच. 'वयात आलंय पोरगं, हार्मोन उसळतात,' असं सांगून लोक मोकळे होतात. हे पटण्यासारखं नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलामुलींचा अभ्यास पाहा. किशोरवयापुरतं बिघडणाऱ्यांत एका मुलीमागे जेमतेम दीड मुलगा होता. लहानपणापासून कायम तसंच वागणाऱ्यांत मात्र एका मुलीमागे दहा! दोष निव्वळ हार्मोनचा असता, तर मोठी दरी वयात येतानाच दिसायला हवी होती.

मला यात सर्वांत विलक्षण वाटतं ते एमएओए हे जनुक. सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन ही मेंदूतली रसायनं मोडून टाकणारं विकर (एन्झाइम) ते तयार करतं. ते असतं एक्स गुणसूत्रावर. म्हणजे मुलाकडे त्याची एकच प्रत, मुलीकडे दोन. १९९३ मध्ये जनुकशास्त्रज्ञ हान ब्रुनर यांनी नेदरलँड्समधल्या एका कुटुंबाचा शोधनिबंध लिहिला. त्यातल्या काही पुरुषांत जनुकाचं एकच अक्षर बदललं होतं आणि विकर पूर्ण बंद होतं. मारहाण, आग लावणं असे प्रकार त्यांच्या हातून घडले होते. तोच दोष वाहणाऱ्या बायका मात्र ठीक होत्या. कारण स्त्रीभ्रूणाच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गप्प होतो, कोणता ते योगायोगानं ठरतं आणि त्या पेशीच्या पुढच्या पिढ्या तीच निवड पाळतात. त्यामुळे स्त्रीचा मेंदू दोन कापडांच्या गोधडीसारखा असतो. काही ठिगळांत विकर चालूच राहतं.

असा पूर्ण दोष फार दुर्मीळ. नेहमी आढळतो तो विकर कमी बनवणारा प्रकार : जनुकाआधीच्या नियंत्रक भागात तीस अक्षरांचा तुकडा चारऐवजी तीनदाच येतो. २००२ मध्ये कॅस्पी आणि मॉफिट या मानसशास्त्रज्ञांनी ड्युनेडिनच्या मुलग्यांत हे तपासलं. नुसत्या या प्रकारानं फारसं काही बिघडत नव्हतं. तो प्रकार आणि बालपणी झालेला छळ, दोन्ही वाट्याला आलेले मुलगे होते १२ टक्के; हिंसेच्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर होत्या.

म्हणून एमएओएला 'योद्धा जनुक' म्हणणारी जाहिरातबाजी खोटी आहे. आणि वांड पोराला त्र्यंबकेश्वरी कालसर्प शांतीला नेऊन घरातला पट्टा तसाच चालू ठेवणं, हा त्या मुलावर अन्याय आहे.

ड्युनेडिनच्या मुलींतही, कमी विकराचा प्रकार आणि छळ एकत्र आले तेव्हा वर्तनविकार वाढलेला दिसला. फक्त त्या मुलींच्या दोन्ही प्रती तशा होत्या.