बाजारहाट कोणत्या मार्गाने? रांग, बिल आणि पैसे यांविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहिती (मे 2021)

कोरोनाची साखळी तोडण्यासाठी महाराष्ट्र सरकारने घातलेल्या 'ब्रेक द चेन' निर्बंधांच्या 20 एप्रिल 2021 च्या आदेशापासून किराणा दुकाने सकाळी 7 ते 11 एवढीच उघडी होती. घरपोच सामान रात्री 8 पर्यंत देता येत होते. स्थानिक प्रशासन या वेळा बदलू शकत होते, म्हणून दारावरचा फलक पाहावा लागे.

चार तास म्हणजे 240 मिनिटे. आत एका वेळी पाचच ग्राहक. प्रत्येकाने 20 मिनिटे लावली तर सकाळभरात 60 जणांची खरेदी होते, 10 मिनिटे लावली तर 120 जणांची. दुकान तेच, माणसे तीच, पण बाहेरची रांग निम्मी. म्हणून या पत्रकात सगळा हिशेब मिनिटांचा आहे. कोणत्या कामाला आत यावे, कोणत्या कामाला येऊच नये आणि काउंटरवर वेळ नेमका कुठे जातो, एवढेच सांगायचे आहे.

मोठे मार्ट, कोपऱ्यावरचा वाणी आणि आमचे दुकान

मोठ्या मार्टमध्ये माल भरपूर आणि काउंटरही आठ-दहा. पण जागा बंदिस्त असते, एसी तीच हवा फिरवत राहतो आणि सामान शोधत सगळे मजले पालथे घालावे लागतात. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे 2021 मध्ये सांगितले की बोलताना-खोकताना उडणारे शिंतोडे दोन मीटरच्या आत खाली बसतात, पण त्याहून बारीक कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. म्हणजे सहा फुटांवरचे गोल काढले की काम झाले, असे नाही. हवा खेळती हवी. आम्ही एसी बंद ठेवून पुढचे शटर आणि मागचे दार दोन्ही उघडे ठेवतो, मागे एक्झॉस्ट पंखा चालू असतो. उकडते, याची कल्पना आहे.

वाण्याच्या दुकानात ग्राहक फळीच्या बाहेरच उभा राहतो, चिठ्ठी आत जाते आणि पिशवी बाहेर येते. संसर्गाच्या दृष्टीने ही जुनी पद्धत सर्वांत शहाणी. अडचण एवढीच की वाणी एकटा असतो आणि चिठ्ठीतल्या वीस जिन्नसांना तो वीस वेळा आत-बाहेर करतो. तेवढा वेळ मागचे सगळे खोळंबतात.

आमच्याकडे दोन्ही सोयी आहेत, म्हणून सरळ सल्ला देतो. महिन्याचे वाणसामान यादी पाठवून मागवावे आणि दारातून उचलावे किंवा घरपोच घ्यावे. आत यावे ते निवडून घ्यायच्या वस्तूंसाठी: भाजी, फळे, एखादा नवा तांदूळ पाहायचा असेल तर. दहा-बारा जिन्नसांपुरते. घरातल्या एकानेच यावे. 7 ते 7:30 ही वेळ साठीच्या पुढच्या ग्राहकांसाठी राखीव आहे.

दारावर ताप मोजण्याची बंदूक आहे, तिच्यावर फार विसंबू नये. उन्हातून आलेल्या माणसाचे कपाळ तापलेलेच असते, त्यामुळे आकडा जास्त दिसतो. अशा वेळी सावलीत पाच मिनिटे थांबवून पुन्हा मोजतो. उलट, लक्षणे नसलेला बाधित माणूस तिच्यासमोरून सहज निघून जातो. आकडा काहीही येवो, मास्क नाकावरच हवा.

काउंटरवर वेळ कुठे जातो

सकाळी 120 ग्राहक आणि बिलिंगचा काउंटर एक, म्हणजे माणशी दोन मिनिटे. पंचवीस वस्तू तीन सेकंदांना एक या गतीने स्कॅन केल्या तर सव्वा मिनिट जाते, आणि उरलेल्या पाऊण मिनिटात पैसे द्यायचे असतात. सगळे सुरळीत झाले तर जमते. बिघडते ते पुढच्या कारणांनी.

पहिले आणि मोठे कारण म्हणजे दोन एमआरपी. कंपनी किंमत वाढवते, पण बारकोड तोच ठेवते. तेलाचे भाव 2021 मध्ये सतत चढत होते, त्यामुळे एकाच तेलाच्या जुन्या आणि नव्या किमतीच्या पिशव्या फळीवर शेजारी असत. स्कॅन केले की संगणक दोन्ही किमती दाखवून विचारतो, यातली कोणती? मग काउंटरवरच्या माणसाला पिशवी उलटीपालटी करून छापील किंमत शोधावी लागते. ती बहुधा वरच्या शिवणीपाशी, बॅच नंबरच्या शेजारी, पुसट शाईत असते. तुम्ही वस्तू ठेवताना एमआरपीची बाजू वर ठेवलीत तर हा सगळा शोध वाचतो. एकाच वस्तूचे चार नग घेतले असतील तर चारही एकाच किमतीचे आहेत ना, हे फळीपाशीच पाहावे.

दुसरे कारण सुट्या मालाचे स्टिकर. शेंगदाणे, साबुदाणा, लोकवन गहू, भाजी यांवर वजनकाटा जो स्टिकर छापतो, त्याचा बारकोड 2 या आकड्याने सुरू होतो. पुढचे आकडे म्हणजे वस्तूचा क्रमांक, मग वजन किंवा रक्कम, आणि शेवटचा आकडा पडताळणीचा. स्टिकर पिशवीच्या गाठीवर किंवा घडीवर चिकटवला की रेघा वाकतात आणि स्कॅनर गप्प बसतो. सपाट बाजूला चिकटवावा. सॅनिटायझरने ओल्या असलेल्या हातांनी त्याला हात लावू नये. हा थर्मल कागद आहे, अल्कोहोल लागले की काळा पडतो. बिलाचेही तसेच.

फ्रीजमधल्या दुधाच्या आणि पनीरच्या पाकिटांवर पाणी सुटते, तेही कोरड्या फडक्याने पुसून ठेवावे. रेघा वाचल्याच नाहीत तर तेरा आकडे हाताने दाबावे लागतात (भारतात नोंदलेले क्रमांक 890 ने सुरू होतात), आणि तेरातला एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

मधल्या अ‍ॅक्रिलिकच्या पडद्याबद्दल थोडे. त्याने समोरचे शिंतोडे अडतात, हवा अडत नाही. त्यातून आवाज मात्र दबतो, मग ग्राहक वाकून कडेने बोलतो किंवा मास्क खाली ओढून मोठ्याने बोलतो. दोन्हींनी पडद्याचा उपयोग संपला. ग्राहकाच्या बाजूला संगणकाचा पडदाही लावला आहे, त्यावर प्रत्येक वस्तूची किंमत दिसते, तिकडे बोट दाखवले तरी पुरते.

स्वतः स्कॅन करायची यंत्रे का नाहीत

ज्यांची मुले इंग्लंड-अमेरिकेत आहेत ते हे हमखास विचारतात. तिथल्या बहुतेक यंत्रांना प्रत्येक वस्तूचे वजन माहीत असते. तुम्ही स्कॅन करून वस्तू पिशवीच्या जागी ठेवली की खालचा काटा वजन जुळवून पाहतो, जुळले नाही की यंत्र अडते आणि माणूस बोलवावा लागतो. आपल्याकडे छापील किंमतच दोन, सुटा माल निम्मा आणि रोख देणारेही बरेच. यंत्र दर दोन वस्तूंना अडेल. शिवाय एकाच स्पर्शपडद्यावर सकाळभर सगळ्यांची बोटे. सध्याच्या दिवसांत आम्हाला तो व्यवहार पटत नाही.

पैसे देताना

काउंटरवरच्या पडद्यावर बिलापुरता क्यूआर कोड येतो, त्यात रक्कम भरलेलीच असते. भिंतीवर चिकटवलेल्या कोडवर रक्कम तुम्हाला टाकावी लागते. घाईत तिथेच एखादे शून्य जास्त पडते, म्हणून शक्यतो पडद्यावरचा वापरा.

सकाळच्या गर्दीत यूपीआय अडकते. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज येतो, पण आमच्याकडे नोंद दिसत नाही. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. बाजूला उभे राहा, आम्ही पुढच्या ग्राहकाचे बिल करतो. काही मिनिटांत नोंद आली तर प्रश्न मिटला. आली नाही तर रोख किंवा कार्डाने बिल चुकते करा आणि अ‍ॅपमधला 12 आकडी व्यवहार क्रमांक जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमाप्रमाणे दुकानाला न पोहोचलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये द्यायचे आहेत. स्क्रीनशॉटवर आम्ही सामान सोडत नाही, कृपया राग मानू नये. आणि परतावा घेताना कोणी पिन टाकायला सांगितले तर टाकू नका. पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला नाही.

वायफायसारखी लहरींची खूण असलेले कार्ड यंत्रावर नुसते टेकवले की चालते. 1 जानेवारी 2021 पासून 5,000 रुपयांपर्यंत पिनची गरज नाही. कार्ड नवे असूनही टेकवून चालत नसेल तर बहुधा बँकेच्या अ‍ॅपमध्ये ती सोय बंद असते. ती घरूनच चालू करून यावे.

रोख चालते. नोटा ट्रेमध्ये ठेवाव्यात. थुंकी लावून मोजू नयेत, ट्रेशेजारी ओला स्पंज ठेवला आहे.

यादी पाठवताना

बिलाच्या तळाशी छापलेल्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर यादी पाठवा. 'तेल 2' एवढेच लिहिले की आम्हाला फोन करावा लागतो: दोन लिटर, दोन पिशव्या की दोन डबे? एक लिटरच्या पिशवीत सुमारे 910 ग्रॅम तेल असते. पंधरा लिटरचा डबा म्हणजे साधारण साडेतेरा किलो, आणि पंधरा किलोचा डबा वेगळा. किमतीत फरक पडतो तो इथे. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात.

चांगली ओळ अशी असते: 'सूर्यफूल तेल, 1 लिटर पिशवी, 3 नग, हा ब्रँड नसेल तर दुसरा चालेल'. किंवा 'आंबेमोहोर, सुटा, 5 किलो, नसेल तर इंद्रायणी'. 'नसेल तर'पासूनचे शब्द सर्वांत कामाचे, कारण माल येण्याचा भरवसा नसतो आणि प्रत्येक तुटीसाठी फोन केला तर दुपार जाते. हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो चालतो, मात्र उजेडात आणि सरळ काढलेला. आवाजी संदेश नको, त्यातला एक जिन्नस तपासायला सगळा पुन्हा ऐकावा लागतो.

संध्याकाळी 6 पर्यंत आलेल्या यादीचे सामान दुसऱ्या दिवशी तयार असते. दारातून उचलणाऱ्यांना 9 नंतरची वेळ देतो, तेव्हा रांग कमी असते. गृहविलगीकरणात असाल तर यादीतच लिहा. सामान दाराबाहेर ठेवून फोन करू, पैसे फक्त ऑनलाइन घेऊ.

घरी गेल्यावर

पाकिटे तासभर बाल्कनीत उन्हात ठेवणे, प्रत्येक डबा पुसणे यात फार वेळ घालवू नका. वस्तूंच्या स्पर्शातून संसर्गाची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी आहे, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) एप्रिल 2021 मध्ये सांगितले आहे. सामान लावून झाल्यावर साबणाने हात धुवा, ते जास्त कामाचे. भाजी-फळे स्वच्छ पाण्याने धुवावीत. त्यांना साबण किंवा सॅनिटायझर लावू नये. सॅनिटायझर चोळल्या चोळल्या गॅस पेटवू नये.

फरशी किंवा ओटा पुसायला 1 टक्का हायपोक्लोराइट (जंतू मारणारे ब्लीच) हवे असेल तर 5 टक्क्यांच्या बाटलीतले एक माप आणि पाणी चार मापे. रोज ताजे करावे, कारण ठेवले की जोर उतरतो. स्टीलच्या भांड्यांना किंवा नळांना लावू नये, डाग आणि गंज धरतो. धातूसाठी 70 टक्के अल्कोहोल बरे. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये हायपोक्लोराइट कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

फुटलेली पिशवी, कमी आलेला नग किंवा मुदत संपलेली वस्तू निघाली तर तिचा आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी पाठवा. बदलून घ्यायला रांगेत यायची गरज नाही. पुढच्या सामानाबरोबर बदली वस्तू येईल किंवा रक्कम बिलातून वजा होईल. उघडलेली पाकिटे मात्र सध्या परत घेत नाही.