सावली पडली की वारूळ संपते

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात चडली नाइटन हीथ नावाचा एक माळ आहे. शेजारून ए-३८ हा महामार्ग जातो आणि भोवतालच्या बोव्ही खोऱ्यात भांड्यांसाठी लागणाऱ्या पांढऱ्या मातीच्या खाणी आहेत. ‘फॉर्मिका एक्सेक्टा’ ही मुंगी इंग्लंडात आता एवढ्याच माळावर उरली आहे. स्कॉटलंडात केर्नगॉर्म्स डोंगररांगेतल्या पाइन जंगलांत ती आहे, युरोपातही पसरलेली आहे. पण एकेकाळी बोर्नमथ, न्यू फॉरेस्ट अशा दक्षिण इंग्लंडच्या हीथांवर, म्हणजे झुडुपी माळांवर, सापडणारी मुंगी एका माळावर येऊन थांबली, ती कशी?

१८४६ मध्ये फिनलंडचे निसर्गअभ्यासक नीलांडर यांनी तिचे वर्णन केले. एक्सेक्टा म्हणजे कापून काढलेली. डोक्याच्या मागच्या कडेला खोल खाच असते, त्यामुळे डोके पत्त्यातल्या बदामासारखे दिसते. कामकरी मुंग्या गवताच्या पात्यांचे बारीक तुकडे करतात आणि ते रचून छोटा ढीग उभारतात. ‘वुड अँट’ या रानमुंग्या पाइनच्या सुयांचे जे डोंगर रचतात त्यांच्यापुढे हे वारूळ अगदी खुजे. मात्र काम चोख: ऊन पडले की ढीग तापतो आणि आतल्या अळ्या-कोषांना ऊब मिळते. वर झुडूप वाढून सावली आली की वारूळ थंड पडते. मग मुंग्यांना हलावे तरी लागते, नाहीतर वसाहत खुरटत जाते.

हीथ म्हणजे निकस, आम्लधर्मी जमिनीवरचे झुडुपी माळरान. ते आपोआप तसे राहत नाही. शेकडो वर्षे गावकऱ्यांनी तिथे गुरे चारली, काटेरी गॉर्स सरपणाला तोडले, नेचे कापून गोठ्यात अंथरले. मुंगीला ऊन मिळत राहिले ते या राबत्यामुळे. विसाव्या शतकात तो थांबला आणि बर्च व गॉर्सने माळ गिळायला सुरुवात केली. बाकीचे काम नांगर, पाइनची लागवड आणि घरांनी केले. १८०० नंतर ब्रिटनने सखल भागातले चार पंचमांशाहून अधिक हीथ गमावले. सरकारदप्तरी अशी जमीन ‘पडीक’च, आपल्याकडची माळराने याच शब्दाखाली दडपली जातात, म्हणून ही कथा फार परकी वाटत नाही.

संवर्धनाच्या याद्या त्यानंतर आल्या: १९९४ चा ब्रिटनचा जैवविविधता आराखडा, मग २००६ च्या कायद्यानुसार केलेली प्राधान्य-प्रजातींची यादी. यादीत नाव आले म्हणून माळ मोकळा होत नाही, हे उघडच. माळाचा कारभार डेव्हन वाइल्डलाइफ ट्रस्टकडे असून तिथली खरी मेहनत कोयता-करवतीची आहे. वारुळांभोवतीची झाडी कापायची आणि ऊन आत येऊ द्यायचे.

दुसरी अडचण मुंगीच्या स्वभावातच आहे. एकट्या राणीला नवे घर सुरू करता येत नाही. ती फॉर्मिका फुस्का या दुसऱ्या मुंगीच्या किंवा त्या मुंगीच्या जवळच्या जातीच्या वारुळात घुसते आणि तिथल्या कामकऱ्यांकडून आपली पहिली पिले वाढवून घेते. नाहीतर मूळ वारुळातूनच मुंग्यांचा एक गट फुटून थोड्या अंतरावर दुसरे वारूळ थाटतो. त्यामुळे शेजारचा माळ साफ करून ठेवला तरी, मधे दाट झाडी किंवा डांबरी रस्ता असेल, तर तिथवर पोहोचायला त्यांना वाटच नसते.