सांबऱ्याहून विमानाने: अंतर किती, वेळ किती?

आमच्या तिकीट काउंटरवर कुणी ना कुणी मोबाईल पुढे करून म्हणतेच, "बेळगाव ते कोल्हापूर विमानाने अर्धा तास दाखवतंय, काढा की तिकीट!" ते तिकीट मिळत नाही. बेळगावचा सांबरा आणि कोल्हापूरचा उजळाईवाडी या दोन विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे 96 किमी, हुबळीचे तर 75 किमीच. मोबाईल अंतराला वेगाने भागून मोकळा होतो. त्या मार्गावर विमान आहे का, हे बघत नाही. एवढ्याशा अंतरात विमान धड वर चढायच्या आधीच उतरायला लागेल. दोन्हीकडे जायला आपला हायवेच बरा. गाडीने दोन-सव्वादोन तास धरा.

हवाई अंतर म्हणजे नकाशावर दोरी ताणून मोजावे तसे. सांबऱ्याहून मुंबई सुमारे 400 किमी, हैदराबाद 435 आणि बंगळूर 445. मुंबई आपल्याला जवळची वाटते, पण आकाशातून तिन्हींत फार फरक नाही!

आता वेळ. बंगळूरला बरेचदा पंख्यांचे एटीआर विमान असते. त्याचा वेग तासाला सुमारे 500 किमी, म्हणजे हिशेबाने तासाच्या आतच पोचायला हवे. तरी तिकिटावर सव्वा तास किंवा थोडा जास्तच दिसतो. यात फसवणूक नाही. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतचे रांगणे, चढणे, उतरणे सगळे त्यात आले. जेट विमान बरेच वेगवान खरे, पण इतक्या कमी अंतरात त्याचेही फार तर दहा-पंधरा मिनिटेच वाचतात. तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका, असे आमचे मत.

खरा वेळ जातो तो जमिनीवर. टिळकवाडीहून सांबऱ्याला पाऊण तास, विमानाच्या दीड तास आधी हजेरी, सव्वा तास हवेत, बॅग मिळायला वीस मिनिटे. पुढे देवनहळ्ळीच्या विमानतळावरून बंगळूर शहरात शिरायला दीड-दोन तास. झाले साडेपाच-सहा तास! सकाळी काम असेल तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री झोपून जाणे काही वाईट नाही. आम्ही विमानाची तिकिटे विकतो, तरी हे सांगतो.

निपाणीकरांनी आधी उजळाईवाडीची विमाने बघावीत, त्यांना तो विमानतळ निम्म्या अंतरावर आहे. खानापूरकरांना सांबराच सोयीचे. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून तिकीट स्वस्त मिळाले, तर टॅक्सीचे भाडे त्यात मिळवून बघा. पावसाळ्यात गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाच्या भरवशावर वेळ आखू नका.

सामान देण्याचा काउंटर साधारण विमानाच्या तासभर आधी बंद होतो. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात, तेव्हा कुंद्याचे डबे एका मोठ्या पिशवीत कोंबण्यापेक्षा दोन लहान पिशव्यांत विभागा. सांबऱ्यात हवाई दलाचेही ठाणे आहे, म्हणून फोटो काढायच्या आधी विचारा.

बुकिंगला येताना आधार कार्डही आणा. आपल्याकडे नावाचे इंग्रजी स्पेलिंग कधी मराठी उच्चाराने, तर कधी कन्नड उच्चाराने पडलेले असते. कार्डावर जे आहे तेच आम्ही तिकिटावर घालतो.